बाळंतिणीची खोली आणि मराठी वाङ्मय

रायगडाच्या पश्चिम कड्यावरील हिरकणी बुरुजाची कथा ज्या घरांत सांगितली गेली नाहीं असें मराठी घर विरळाच. गडावर दूध घालावयास आलेली गवळण, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले दरवाजे, पायथ्याच्या वाडींत एकटें राहिलेलें तान्हें मूल, आणि त्या मुलाच्या ओढीनें काळोखांत कडा उतरून जाणारी आई, एवढ्यांत ती कथा संपते. महाड तालुक्यांतील हा गड स्वराज्याची राजधानी म्हणून जितका प्रसिद्ध आहे, जवळजवळ तितकाच तो ह्या एका आईमुळें घरोघर पोंचला आहे. शाळेंतील धड्यांनीं, व्याख्यात्यांनीं आणि २०१९ सालीं निघालेल्या 'हिरकणी' ह्या बोलपटानें ती कथा पुनःपुन्हा सांगितली. ती इतिहासाच्या कसोटीस किती उतरते हा वाद येथें काढण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. दंतकथा खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्या समाजाची दृष्टि तींत खरीखुरी उतरलेली असते. आणि आम्हांस जें सांगावयाचें आहे तें त्या दृष्टीविषयीं आहे.

ही कथा सांगतांना कथाकार हिरकणीचें लुगडें कांट्याकुट्यांनीं फाडतो, तिचे हातपाय रक्तबंबाळ करतो, आणि तिच्या हृदयांतील माया सर्व शब्दसामर्थ्यानिशीं वर्णितो. परंतु अंगावर पाजणाऱ्या स्त्रीपाशीं दिवसभर मूल नसलें म्हणजे तिचें काय होतें, ह्याचा उच्चार आमच्या ऐकण्यांतल्या कथनांत आम्हांस आढळला नाहीं. तिची छाती दगडासारखी घट्ट होऊन ठणकूं लागते. मुलाची नुसती आठवण झाली तरी पान्हा फुटून चोळी भिजते. दूध तसेंच तुंबून राहिलें तर गांठी धरतात आणि हुडहुडी भरून तापही येतो. हिरकणीला त्या रात्रीं कड्याकडे ज्या गोष्टींनीं लोटलें त्यांत तिच्या मायेबरोबर तिचें दूधही होतें. हें सांगितल्यानें तिची थोरवी कमी होते काय? आमच्या मतें ती वाढते. कारण मग ती चित्रांतली देवता न राहतां आपल्यासारखा देह असलेली बाई होते, आणि तरीही कडा उतरते.

हिरकणीच्या बाबतींत जें घडलें तेंच मराठी वाङ्मयांत एकंदर मातांच्या बाबतींत घडलें आहे. मातृत्वाचा गौरव करणारें साहित्य आमच्याकडे उदंड आहे. गर्भारपण व बाळंतपण ह्यांच्या देहव्यवहाराविषयीं बोलणारें साहित्य मात्र फार थोडें, आणि तेंही फार उशिरां आलेलें. जुन्या घरांत बाळंतिणीची खोली अंधारी असे, दारावर पडदा असे, आणि पुरुषमाणसें तिकडे फिरकत नसत. आमच्या बहुतेक लेखकांनीं तीच चाल लेखनांतही पाळली. दाराबाहेर उभें राहून त्यांनीं मुलाचें पहिलें रडणें ऐकलें, बारशाचा पाळणा म्हटला, आणि मधलें सारें सुइणीवर सोंपविलें. हें मौन म्हणजे सुरुचि, असा समज रूढ आहे. तो समज तपासून पाहावा एवढाच ह्या लेखाचा हेतु.

प्रथम, ज्याविषयीं मौन आहे तें काय, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. गर्भारपणांत स्त्रीच्या शरीरांतील रक्ताचें प्रमाण जवळजवळ दीडपट होतें व हृदयास तेवढा अधिक भार वाहावा लागतो. आरंभींच्या महिन्यांतील कोरड्या ओकाऱ्या, छातींतील जळजळ, घटकेघटकेस होणारी लघवी, मलावरोध व मूळव्याध, रात्रीं पोटऱ्यांत येणारे गोळे, पोटावर उमटणाऱ्या आणि पुढें पुरत्या कधींच न जाणाऱ्या रेघा, हें सारें नित्याचें आहे. प्रसूतीच्या वेळीं पुष्कळदां मूल बाहेर येण्याच्या वाटेवरची कातडी फाटते किंवा कापावी लागते, आणि टांके पडतात. कळांच्या भरांत मळमूत्रावर ताबा राहत नाहीं. मुलामागून वार पडते आणि तिच्याबरोबर रक्त जातें. पुढें चार ते सहा आठवडे अंगावरून स्राव चालू असतो, आणि प्रसूतीच्या वेळीं सुमारें १ किलोग्रॅम वजनाचें असलेलें गर्भाशय तेवढ्या काळांत आक्रसत ६०-७० ग्रॅमांवर येतें. स्तनाग्रें चिरतात. कित्येकींचें अंग बाहेर येतें; कित्येकींस शिंक आली तरी लघवी गळते; कांहींच्या मनावर असें मळभ येतें कीं स्वतःच्या मुलाकडे पाहवत नाहीं. हे शब्द मासिकाच्या पानावर पाहून कोणाच्या कपाळास आठी पडेल. परंतु ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें त्या प्रत्येक घरांत ह्यांतलें कांहीं ना कांहीं कोणीतरी भोगलेलें आहे, आणि बहुधा कोणास न सांगतां भोगलेलें आहे.

आमच्या गाण्यांनीं ह्या विषयास स्पर्शच केला नाहीं असें मात्र नव्हे. डोहाळजेवणाचीं गाणीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. गर्भिणीस आंबट चिंच हवी, झोपाळा हवा, चांदण्यांतलें जेवण हवें, नावेंत बसावयास हवें. प्रकार मोठा गोड आहे. आणि सासरीं राबणाऱ्या मुलीस एक दिवस तरी 'तुला काय हवें' असें विचारणारें कोणी मिळे, हा त्याचा खरा गुण. पण टीकाकाराच्या दृष्टीनें पाहतां ह्या गाण्यांत एक चतुर अदलाबदल झालेली दिसते. अन्नाचा वास सोसेना, तोंडास चव उरेना, पोटांत कांहीं टिकेना, अशी जी स्थिति, ती गाण्यांत येतांना उलटी होऊन येते. नकोसें होण्याच्या जागीं हवेंसें वाटणें येतें. देहाची तक्रार हौसेचा वेष घेते, आणि त्या वेषांतच तिला माजघरांत प्रवेश मिळतो.

हा संकोच आमच्या प्राचीन परंपरेनेंच दिला, असें कोणी म्हणेल तर तें खरें नाहीं. कालिदासाच्या रघुवंशाचा तिसरा सर्ग उघडावा. सुदक्षिणा राणी गर्भवती आहे. तिचा चेहरा पांढुरका पडला आहे, तिला माती खावीशी वाटते, आणि तिचीं स्तनाग्रें काळवंडलीं आहेत, हें सारें महाकवीनें सरळ सांगितलें आहे. मातीच्या डोहाळ्यास त्यानें मुलाच्या भावी पृथ्वीपतित्वाची कल्पना जोडली ही गोष्ट निराळी. मूळ निरीक्षण अचूक आहे. शरीरांत लोह कमी पडलें म्हणजे माती वा राख खाण्याची वासना होऊं शकते, हें आजचें वैद्यकही सांगतें. सुश्रुतसंहितेंत तर अडलेल्या गर्भाची, म्हणजे मूढगर्भाची, स्वतंत्र चर्चा आहे. तेथें आडपडद्यास जागाच नाहीं. जेथें महाकवि आणि शल्यवैद्य दोघेही गर्भिणीच्या देहाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहत होते, त्या परंपरेच्या नांवावर आजचा संकोच खपविणें न्याय्य होणार नाहीं.

मग हा संकोच आला कोठून? आमच्या तर्काप्रमाणें त्याचें एक कारण छापखाना हें आहे. ओवी जात्यावर होती तोंवर तिची श्रोती दुसरी स्त्रीच असे, आणि म्हणून तिला लाजण्याचें कारण नव्हतें. सानेगुरुजींनीं 'स्त्रीजीवन' ह्या संग्रहांत घेतलेल्या ओव्या पाहाव्या, किंवा पुढें हेमा राईरकर व गी प्वातवाँ ह्यांनीं मुळशी-मावळाकडील डोंगरांतून जमविलेल्या हजारों ओव्या पाहाव्या. नऊ महिन्यांच्या ओझ्याचा हिशेब मांडतांना ती दळणारी बाई अडखळत नाहीं. छापील पुस्तक मात्र प्रथम नवशिक्षित पुरुषाच्या हातांत पडलें. त्याच्यापुढें 'बायकांच्या गोष्टी' कशा काढाव्या, हा प्रश्न लेखकास पडला. आणि स्त्रिया लिहूं लागल्या तेव्हां समोरचा वाचक तोच असल्यामुळें त्यांसही तो पडला. सानेगुरुजींचेंच उदाहरण बोलकें आहे. त्यांची 'श्यामची आई' (१९३५) आम्हां सर्वांची आई झाली. तिचे कष्टाळू हात, तिचें रागावणें, तिचें कर्जाखालीं खचणें आम्हांस पाठ आहे. ती संस्कारांची कथा असल्यामुळें तींत देहाची कथा नसावी हा कांहीं दोष नव्हे. पण त्याच लेखकानें बायकांच्या तोंडून ऐकलेल्या ओव्यांत आई दिसते ती कुशीसह दिसते. कानांनीं ऐकलेली आई आणि कागदावर उतरलेली आई ह्यांत एवढें अंतर पडलें.

डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या बाबतींत तर हें अंतर भाषेचेंही झालें. चौदाव्या वर्षीं त्या प्रसूत झाल्या आणि त्यांचें मूल दहा दिवसांनीं गेलें. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत त्यांनीं जो प्रबंध सादर केला, तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. तो इंग्रजींत लिहिला गेला ह्यांत नवल नाहीं. नवल हें कीं पुढें मराठींत त्यांचीं चरित्रें झालीं, १९६८ सालीं श्री. ज. जोशी ह्यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आली, २०१९ सालीं त्याच नांवाचा बोलपट आला. समुद्रप्रवास, पदवी आणि अकालीं मृत्यु हीं सर्वांच्या स्मरणांत राहिलीं, परंतु त्या बाईनें विद्वत्तेचा विषय म्हणून जें निवडलें त्याची आठवण किती घरांत निघते?

मात्र सगळा दोष छापखान्यावर टाकून चालणार नाहीं. त्याहून खोल असें एक कारण आहे, आणि तें समजून घेण्यासाठीं पुन्हा महाडास आलें पाहिजे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, आणि त्यानंतर तें तळें 'शुद्ध' करण्याचा विधि सवर्णांनीं केला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या विधीमागची कल्पना विटाळाची होती. आतां आमच्या मध्यम वर्गाच्या वाचकांनीं आपल्या आजीच्या काळचें घर आठवावें. ज्या बाईनें नुकतें मूल जन्मास घातलें तिला दहा दिवस कोणी शिवावयाचें नाहीं. तिचें अंथरूण वेगळें, भांडीं वेगळीं, खोली घरांतली सर्वांत कोंदट. आणि तिच्या रक्तास हात लावणारी सुईण बहुधा अशा जातीची, कीं काम झाल्यावर तीही उंबऱ्याबाहेर. तळ्याच्या पाण्यास आणि बाळंतिणीच्या देहास लागलेला नियम एकच होता. फरक एवढाच कीं, बाळंतिणीचा विटाळ दहा दिवसांनीं फिटे, आणि ज्यांस तळें बंद होतें त्यांचा जन्मभर फिटत नसे. ज्यास आम्ही वाङ्मयांतील सुरुचि म्हणतों, ती पुष्कळ अंशीं हा विटाळच आहे. स्पर्शाचा होता तो शब्दाचा झाला, इतकेंच.

डॉ. आंबेडकरांस ह्या दोन गोष्टींचें नातें दिसलें असावें, असें त्यांच्या पुढील कार्यावरून वाटतें. त्याच १९२७ सालच्या डिसेंबरांत, महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळीं मनुस्मृतीचें दहन झालें, आणि तेथें जमलेल्या स्त्रियांपुढें त्यांनीं वेगळें भाषण केलें. १९२८ च्या जुलैंत मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूतिकालीन साहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा देतांना, प्रसूतीच्या आधीं व नंतर आईस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे, अशी भूमिका त्यांनीं मांडली. १९२९ सालीं तो कायदा झाला. १९३४ सालीं 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे ह्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हां त्यांची बाजू न्यायालयांत मांडणारे वकील डॉ. आंबेडकरच होते. कर्व्यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत तें मासिक चालविलें, आणि स्त्रीपुरुषांच्या शरीराविषयींचे जे प्रश्न लोक वैद्यासही विचारीत नसत त्यांचीं उत्तरें शुद्ध मराठींत छापलीं. त्यांची शैली कोरडी, क्वचित् उपहासाची. साहित्यगुणांच्या यादींत तिला कोणी वरची जागा देणार नाहीं. परंतु 'योनि' व 'गर्भाशय' हे शब्द मराठी वाक्यांत न लाजतां बसूं शकतात, हें सिद्ध करणें ही वाङ्मयाचीच सेवा होय.

ह्या पार्श्वभूमीवर बेबी कांबळे ह्यांचें 'जिणं आमुचं' (१९८६) हें पुस्तक वाचलें म्हणजे त्याचें महत्त्व ध्यानांत येतें. फलटणच्या ह्या लेखिकेनें महारवाड्यांतील बाळंतपण जसें लिहिलें आहे तसें मराठींत त्यापूर्वीं क्वचितच लिहिलें गेलें. कोवळ्या मुली पहिल्याच खेपेस दगावतात. दिवस दिवस कळा चालतात. अडाणी सुइणींचे हात पुनःपुन्हा आंत जातात. आणि सुटका झाल्यावर घरांत खावयास कांहीं नसल्यामुळें बाळंतीण पोटास फडकें आवळून पडून राहते. येथें अळिवाची खीर नाहीं, डिंकाचे लाडू नाहींत, बाळंतविडा नाहीं. म्हणून मातृत्वाचे अलंकारही नाहींत. ज्या घरास मुळीं खोलीच नाहीं तेथें बाळंतिणीच्या खोलीचें दार कोण लावणार? बेबीताई 'मी' पेक्षां 'आम्ही' अधिक म्हणतात, आणि त्यामुळें एकटीच्या मनांतली बारीक हालचाल त्या पानांत कमी सांपडते, ही उणीव सांगितली पाहिजे. पण एका अख्ख्या वस्तीच्या बायकांचा देह त्यांनीं प्रथमच मराठी वाक्यांत आणला, हें ऋण त्याहून फार मोठें.

ती एकटीची हालचाल आम्हांस ऊर्मिला पवार ह्यांच्या 'आयदान' (२००३) मध्यें भेटते. त्या रत्नागिरीकडील, आमच्या महाड-पोलादपूरच्या वाचकांस त्यांतील डोंगरवाटा अनोळखी वाटणार नाहींत. डोक्यावर ओझें घेऊन चढउतार करीत बाजार गांठणाऱ्या बाया त्यांच्या पानांत आहेत, तशाच त्या आंबेनळी आणि वरंध घाटांच्या पायथ्याच्या वाड्यांतही आहेत. पुरुष मुंबईस, आणि आषाढांत गुडघाभर चिखलांत वांकून भाताची लावणी करणारी बाई सातव्या-आठव्या महिन्याची, हें चित्र ह्या खोऱ्यांत परकें नाहीं. पवारांचा विशेष असा कीं, देहाविषयीं व मातृत्वाविषयीं बोलतांना त्या स्वतःस हंसूंही शकतात. दुःखाबरोबर हंसें आलें म्हणजे लाज आपोआप सरते, आणि वाचणारी बाई म्हणते, 'माझेंही असेंच झालें होतें.' हा उद्गार काढविणें हें आत्मचरित्राचें मोठें यश आम्ही समजतों.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, रक्त, टांके, ओकारी ह्यांचें वर्णन बीभत्स आहे, आणि बीभत्स हा वाङ्मयाचा विषय नव्हे. परंतु बीभत्स हा आमच्या रसशास्त्रानेंच मान्य केलेला रस आहे. आणि रक्ताचें म्हणाल तर आम्हांस त्याचें वावडें कधींच नव्हतें. पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. १६७० सालीं सिंहगडावर त्यांनीं सांडलेलें रक्त शाहिरांनीं गाइलें, आम्हीं तें पिढ्यान्‌पिढ्या ऐकलें, मुलांकडून पाठ करून घेतलें. आणि तें योग्यच केलें. पण त्याच उमरठच्या खोऱ्यांत तेव्हांपासून आजपर्यंत किती बायका रक्त जाऊन गेल्या असतील, त्यांचा एकही पोवाडा नाहीं. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असें आमच्या म्हाताऱ्या बायका म्हणतात. मरणाच्या दारांतून परत येण्याची ही गोष्ट आहे हें त्यांस ठाऊक होतें. एक रक्त वीररसाचें आणि दुसरें किळसवाणें, हा भेद रक्तांत नाहीं, पाहणाऱ्याच्या नजरेंत आहे.

दुसरा आक्षेप अधिक कळवळ्याचा आहे. असें लिहिलें तर पहिलटकरणी घाबरतील, आणि ज्यास माहिती हवी त्यास वैद्यकाचीं पुस्तकें आहेतच. आमचें उत्तर असें कीं, ठाऊक नसलेल्या गोष्टीचें भय ठाऊक असलेल्या गोष्टीपेक्षां नेहमींच मोठें असतें. वैद्यकाचें पुस्तक शरीरांत काय घडतें तें सांगतें. तें सासूस, आईस, नवऱ्यास कोणत्या शब्दांत सांगावें, हें तें शिकवीत नाहीं. तो शब्द भाषेच्या चालत्या व्यवहारांत असावा लागतो, आणि भाषेंत शब्द चालते ठेवणें हें वाङ्मयाचें काम आहे.

हा शब्दांचा प्रश्न किती जिवावरचा आहे तें पाहा. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडचिरोलींतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आले. शेंकडा ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वीं तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा ८ मात्र. रोग अंगावर काढणें हें येथें अपवाद नसून रीत होती. आतां हीच रीत महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यांत आणून पाहा. येथील घाट दरडींनीं बंद पडतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये गांवावर डोंगर कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, आणि त्याच दिवसांत महाड शहर पुराखालीं होतें. अशा मुलखांतल्या एखाद्या वरच्या वाडीवर, प्रसूतीनंतर बाईचें रक्त थांबत नाहींसें झालें, अशी कल्पना करा. अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गेलें म्हणजे वैद्य तो रक्तस्राव धोक्याचा मानतात, आणि तो न थांबला तर दोनेक तासांतही प्राण जाऊं शकतो. प्रसूतींत होणाऱ्या मृत्यूंचा विचार करणारे शास्त्रज्ञ तीन विलंब सांगतात: हालावयाचें ठरविण्यास लागणारा, पोंचण्यास लागणारा, आणि पोंचल्यावर उपचार मिळण्यास लागणारा. दुसरा विलंब रस्त्यांचा व तिसरा रुग्णालयांचा. त्यांची दाद सरकाराकडे मागितली पाहिजे. पण पहिला विलंब पुष्कळ वेळां शब्दांचा असतो. भिजलेलें फडकें दाखविण्याचीच जेथें लाज, तेथें तें किती भिजलें हें मोजणार कोण? 'जातें थोडें, सगळ्यांचेंच जातें,' ह्या एका वाक्यानें आमच्या किती मुली गमावल्या असतील!

गेल्या कांहीं वर्षांत स्थिति पुष्कळ सुधारली, हें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे. २०१८ ते २०२० ह्या काळांत दर १ लाख जिवंत जन्मांमागें भारतांत ९७ माता दगावल्या, तर महाराष्ट्रांत ३३. आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत शेंकडा ९० हून अधिक प्रसूति दवाखान्यांत झाल्या. परंतु बाळंतिणीची खोली घरांतून दवाखान्यांत गेली म्हणून तिचा पडदा उघडला असें नाहीं. आतां आमच्या घरांत 'डिलिव्हरी झाली', 'सीझर झालें' असें म्हणतात. हे शब्द सोयीचे आहेत, त्यांस आमचा विरोध नाहीं. पण पूर्वीं जें काम मौन करीत होतें तें आतां हे दोन शब्द करूं लागले आहेत. पोटाचे सात थर कापले गेले, बाई दहा दिवस कुशीवर वळूं शकली नाहीं, टांक्यांच्या भयानें तिनें शौचास जाणें टाळलें, हें सारें एका 'सीझर'मध्यें गुंडाळून आम्ही पेढे वांटावयास मोकळे होतों.

ह्या बाबतींत वाङ्मयाहून एस. टी. पुढें गेली, असें म्हणावयाची पाळी आहे. राज्यांतील बसस्थानकांवर मुलास पाजण्यासाठीं ज्या खोल्या केल्या गेल्या त्यांस 'हिरकणी कक्ष' असें नांव देण्यांत आलें. त्या सर्वत्र कशा ठेवल्या जातात हा प्रश्न वेगळा. पण हिरकणीस दूध होतें, आणि तें पाजावयास जागा लागते, हें त्या नांवानें जितकें साधेपणीं मान्य केलें तितकें आमच्या कवींनीं व व्याख्यात्यांनीं इतक्या पिढ्यांत केलें नाहीं.

प्रत्येक कादंबरींत प्रसूतीचा प्रसंग असावा, असा आमचा आग्रह नाहीं. देहाचें वर्णन केलें म्हणजे लेखन थोर झालें, असेंही नाहीं. केवळ धक्का देण्यासाठीं लिहिलेलें रक्त हें केवळ गोड लिहिलेल्या पाळण्याइतकेंच खोटें. आमची मागणी इतकीच कीं, ज्या कथेंत आई येते त्या कथेंत तिच्या देहास मज्जाव नसावा. आणि जीं थोडीं पुस्तकें धीटपणें लिहिलीं गेलीं तीं 'दलित आत्मचरित्र' म्हणून वेगळ्या कपाटांत न ठेवतां घराघरांत वाचलीं जावीं. पहिल्या खेपेस माहेरीं आलेल्या लेकीपुढें आम्ही पाळण्यांचीं पुस्तकें ठेवतों, तीं ठेवावींच. त्यांच्या शेजारीं 'जिणं आमुचं' आणि 'आयदान' हींही ठेवावीं, आणि आईनें तीं आपण आधीं वाचावीं. वाचतां वाचतां तिला स्वतःच्या बाळंतपणांतलें कांहीं सांगावेंसें वाटलें, तर तें तिनें सांगावें. तिच्या तोंडून त्या दिवशीं जी मराठी निघेल, ती आमच्या वाङ्मयास अजून हवी आहे.